गॅमा-किरण स्फोटांच्या यजमान दीर्घिकांतील धुळीआडची तारानिर्मिती कशी मोजावी : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

गॅमा-किरण स्फोटांच्या यजमान दीर्घिका, म्हणजे ज्या दीर्घिकांत असे स्फोट होतात त्या, हा विषय एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हाती घेतला, की वाचनाला सुरुवात होताच एक विसंगती समोर येते. काही शोधनिबंध सांगतात की या दीर्घिका लहान, निळ्या आणि जवळजवळ धूळविरहित असतात. तर काही निबंध तशाच स्फोटांच्या आधारे धुळीने गच्च भरलेल्या आणि वर्षाला शेकडो सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे घडवणाऱ्या दीर्घिका दाखवतात. दोन्हीकडची मोजमापे बहुतेक वेळा बरोबरच असतात. फरक पडतो तो कोणते स्फोट अभ्यासाला घेतले आणि नेमकी कुठली धूळ मोजली, यामुळे. या कामातून गेल्यानंतर माझे मत असे झाले आहे की नवख्याची दमछाक संगणकप्रणाली शिकताना होत नाही, ती या दोन प्रश्नांपाशी होते. म्हणून पुढील पायऱ्यांत त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

दीर्घ गॅमा-किरण स्फोट अतिशय जड ताऱ्याच्या मृत्यूच्या वेळी होतो. असे तारे जेमतेम काही दशलक्ष वर्षे जगतात, त्यामुळे जिथे स्फोट होतो तिथे किंवा त्याच्या आसपास तारे नुकतेच घडत असले पाहिजेत. शिवाय गॅमा किरण धुळीला जुमानत नाहीत. म्हणजे दूरच्या विश्वात तारानिर्मिती कुठे चालू आहे, हे धुळीची पर्वा न करता सांगणारी खूण आपल्या हाती लागते, आणि या विषयाचे सारे आकर्षण इथेच आहे. अडचण पुढची आहे. स्फोट कोणत्या दीर्घिकेत झाला आणि ती किती दूर आहे, हे कळण्यासाठी आपल्याला पुन्हा दृश्य प्रकाशाकडेच वळावे लागते, आणि तो प्रकाश मात्र धूळ खाऊन टाकते.

सुरुवातीला जवळ काय असावे

खालील सर्व साधने विनामूल्य आहेत आणि बऱ्यापैकी इंटरनेट असलेल्या कोणत्याही गावातून वापरता येतात.

- स्फोटाच्या काळातील जीसीएन परिपत्रके, म्हणजे निरीक्षकांनी एकमेकांना तातडीने पाठवलेल्या सूचना. स्थान, पहिली निरीक्षणे आणि रेडशिफ्टचे (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश किती लाल बाजूला सरकला याचे, म्हणजेच अंतराचे माप) पहिले दावे यांतच सापडतात.
- स्विफ्ट उपग्रहाच्या एक्स-रे दुर्बिणीची सुधारित स्थाने आणि प्रकाशवक्र. हे लेस्टर विद्यापीठाच्या संग्रहात मिळतात.
- निरीक्षणांचे संग्रह : हबलसाठी मास्ट, स्पिट्झरसाठी इर्सा, युरोपीय दुर्बिणींसाठी ईसोचा संग्रह, तसेच आल्मा (मिलिमीटर तरंगांची दुर्बीण), व्हीएलए आणि जीएमआरटी (रेडिओ दुर्बिणी) यांचे स्वतंत्र संग्रह. हर्शेल या दूरच्या अवरक्ताच्या अवकाश-दुर्बिणीची निरीक्षणे ईसाच्या संग्रहात आहेत.
- प्रतिमा पाहण्यासाठी डीएस९, आकडेमोडीसाठी पायथॉन आणि अ‍ॅस्ट्रोपाय, रेडिओ व आल्माच्या निरीक्षणांसाठी कासा.
- वर्णपटीय ऊर्जावितरण (कोणत्या तरंगलांबीला किती ऊर्जा येते), म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसईडी, प्रारूपाशी जुळवून बसवण्यासाठी सिगेल, मॅगफिस किंवा प्रॉस्पेक्टर यांपैकी एक.
- एक साधी वही किंवा स्प्रेडशीट, जिच्यात प्रत्येक आकड्यापुढे त्याचे मूळ, तारीख आणि त्यात आपण केलेल्या दुरुस्त्या लिहिलेल्या असतील.

शेवटची वस्तू क्षुल्लक वाटेल. परंतु एकाच दीर्घिकेचे आकडे आठ-दहा निबंधांतून गोळा केल्यावर कोणत्या आकड्यात आपल्या आकाशगंगेच्या धुळीची दुरुस्ती आधीच केलेली आहे हे आठवत नाही, आणि ती दुरुस्ती दोनदा केली गेली तर दीर्घिका आहे त्याहून निळी दिसू लागते.

१. स्फोट कोणत्या प्रकारचा आहे ते आधी ठरवा

पाठ्यपुस्तकातला नियम असा की दोन सेकंदांहून अधिक काळ चाललेला स्फोट दीर्घ आणि त्याहून कमी चाललेला ऱ्हस्व. ऱ्हस्व स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून होतात आणि ते जुन्या, शांत दीर्घिकांतही आढळतात. २०१७ सालच्या गुरुत्वलहरींच्या प्रसिद्ध घटनेशी जोडलेली एनजीसी ४९९३ ही दीर्घिका तशीच आहे. अशा यजमानाला तारानिर्मितीच्या नमुन्यात स्थान नाही.

मात्र दोन सेकंदांची ही रेषा पक्की नाही. जीआरबी ०६०६१४ शंभर सेकंदांच्या आसपास चालला, पण बारकाईने शोधूनही त्याच्यासोबत सुपरनोव्हा सापडला नाही. जीआरबी २११२११ए हा दीर्घ स्फोट मीलनातून आला असावा, असे त्याच्या मागोमाग दिसलेल्या किलोनोव्हावरून, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनानंतर दिसणाऱ्या प्रकाशावरून, दिसते. उलट जीआरबी २००८२६ए साधारण एकच सेकंद चालला, तरी त्याचा उगम ताऱ्याच्या कोसळण्यात होता. म्हणून केवळ कालावधीचा रकाना पाहून यादी गाळू नका. सुपरनोव्हा दिसला का, गॅमा-वर्णपट कसा होता आणि स्फोट दीर्घिकेच्या कोणत्या भागात झाला, हे तिन्ही पाहून मगच निर्णय घ्या.

नावांविषयी एक लहानशी सूचना. नाव म्हणजे तारीख : वर्ष, महिना, दिवस. २०१० पासून दिवसातला एकमेव स्फोट असला तरी त्याला ‘ए’ हे अक्षर लावतात. त्याआधी ते दुसरा स्फोट झाला तरच लावले जाई. संग्रहांत शोध घेताना जुन्या स्फोटांची दोन्ही रूपे घालून पाहावीत.

२. यजमान नक्की हीच दीर्घिका आहे का, याची खातरजमा करा

ही पायरी घाईने उरकली तर पुढचे सगळे काम भलत्याच दीर्घिकेवर होऊ शकते. स्विफ्टचा गॅमा-किरण शोधक आकाशातील स्थान काही आर्कमिनिटांच्या आत सांगतो, एक्स-रे दुर्बीण ते साधारण दोन आर्कसेकंदांपर्यंत आणते आणि आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटानंतर रेंगाळणारा प्रकाश, दृश्य किंवा रेडिओ पट्ट्यात सापडला तर स्थान अर्ध्या आर्कसेकंदाहूनही अचूक मिळते. धुळीत दडलेल्या स्फोटांचा दृश्य आफ्टरग्लो बहुधा मिळतच नाही, त्यामुळे ज्यांची आपल्याला सर्वाधिक गरज त्यांचीच स्थाने सर्वांत ढोबळ असतात. अशा वेळी चंद्रा एक्स-रे दुर्बिणीने किंवा व्हीएलएने त्या स्फोटाकडे पाहिले होते का, हे प्रथम तपासावे.

डीएस९ मध्ये दीर्घिकेची खोलवर घेतलेली प्रतिमा उघडा, तिचे निर्देशांक गाइआ उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या स्थानांशी जुळवून घ्या आणि त्रुटीचे वर्तुळ काढा. वर्तुळात किंवा त्याच्या काठावर एखादी दीर्घिका दिसली की ती योगायोगाने तिथे असण्याची संभाव्यता काढावी लागते. आर (लाल) पट्ट्यात २५ व्या प्रतीपर्यंतच्या (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) दीर्घिकांची आकाशातील दाटी दर चौरस आर्कसेकंदाला सुमारे ०.०१ धरली, तर दोन आर्कसेकंद त्रिज्येच्या वर्तुळात अशी एखादी दीर्घिका निव्वळ योगायोगाने सापडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के निघते. त्रिज्या अर्ध्या आर्कसेकंदावर आली की तीच शक्यता एका टक्क्याच्या खाली जाते. बारा टक्के म्हणजे आठ दीर्घिकांमागे एक चुकीची. वीस स्फोटांच्या नमुन्यात हे परवडणारे नाही. दीर्घिका फार लाल असेल तर हे गणित आर पट्ट्यात न करता अवरक्तातील के पट्ट्यात किंवा स्पिट्झरच्या ३.६ मायक्रॉनच्या प्रतिमेवर करावे, कारण आर पट्ट्यात ती मुळात दिसतच नसेल आणि शेजारची निळी दीर्घिका विनाकारण यजमान ठरेल.

या सापळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण जीआरबी ०२०८१९बी हे आहे. या स्फोटाचा दृश्य आफ्टरग्लो सापडला नव्हता, परंतु रेडिओ आफ्टरग्लोमुळे स्थान चांगले ठाऊक होते. त्या स्थानापासून सुमारे तीन आर्कसेकंदांवर ०.४१ रेडशिफ्टच्या एका देखण्या सर्पिल दीर्घिकेचा गाभा होता आणि नेमक्या स्थानावर एक पुसटसा ठिपका होता. हा ठिपका त्या सर्पिलाचाच बाहेरचा तारानिर्मितीचा भाग असावा, असे सर्वांनी धरले. २०१४ मध्ये आल्माची निरीक्षणे प्रसिद्ध झाली तेव्हा कोडे पडले : कार्बन मोनॉक्साइडची रेषा दीर्घिकेच्या गाभ्यात दिसत होती, ठिपक्याच्या जागी मात्र धुळीचे उत्सर्जन भरपूर आणि रेणुवायू जवळजवळ नाहीच. इतकी धूळ आणि इतका कमी वायू हे प्रमाण विचित्र होते, आणि स्फोटाच्या परिसरातील कठोर प्रारणाने रेणू मोडले असतील का, यावर चर्चाही झाली. २०१७ मध्ये ठिपक्याचा स्वतंत्र वर्णपट मिळाला आणि त्याचा रेडशिफ्ट १.९६२१ निघाला. तो त्या सर्पिलाचा भाग नव्हताच. त्यामागे कितीतरी दूर असलेली ती एक धूळभरली दीर्घिका होती. ०.४१ रेडशिफ्टसाठी कार्बन मोनॉक्साइडची ३-२ ही रेषा २४५ गिगाहर्ट्झच्या आसपास शोधली जाते, तर १.९६ रेडशिफ्टला तीच रेषा ११७ गिगाहर्ट्झच्या जवळ येते. ठिपक्याचा वायू हरवलेला नव्हता, त्याला चुकीच्या वारंवारितेवर हाक मारली जात होती.

यातून घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. शेजारच्या दीर्घिकेचा रेडशिफ्ट यजमानाला परस्पर लावू नका. आफ्टरग्लोच्या वर्णपटातील शोषणरेषांवरून मिळालेला रेडशिफ्ट सर्वांत भरवशाचा. तो नसेल तर स्फोटाच्या नेमक्या जागेवरून घेतलेला उत्सर्जन-वर्णपट हवा. यांपैकी काहीच नसेल तर त्या ओळीपुढे तसे स्पष्ट लिहा.

३. तीन ठिकाणची धूळ तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा

पहिली धूळ आपल्या आकाशगंगेची. तिचे नकाशे तयार आहेत आणि श्लाफ्ली व फिंकबाइनर यांनी २०११ मध्ये दिलेली सुधारित मापने सर्रास वापरली जातात. आकाशगंगेच्या प्रतलाजवळ मात्र त्यांच्यावर फार विसंबू नये. जीआरबी २२१००९ए हा आजवरचा सर्वांत तेजस्वी स्फोट प्रतलापासून जेमतेम चार अंशांवर झाला आणि आपल्याच धुळीने त्याचा दृश्य प्रकाश सुमारे चार प्रतींनी मंद केला. अशा दिशेला नकाशातील लहानशी चूकही यजमानाच्या रंगात मोठी होऊन उतरते.

दुसरी धूळ स्फोटापासून आपल्यापर्यंतच्या एकाच दृष्टिरेषेवरची, यजमान दीर्घिकेच्या आतली. ती आफ्टरग्लोवरून मोजतात, आणि हे मापन खगोलशास्त्रातील अतिशय स्वच्छ मापनांपैकी एक आहे, कारण आफ्टरग्लोचा मूळ वर्णपट साधा घातांकी असतो आणि त्यातून जेवढी घट दिसते ती धुळीची म्हणता येते. बहुतेक दृष्टिरेषांना लघु मॅगेलन मेघ या शेजारच्या लहान दीर्घिकेतील धुळीचा वक्र (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश घटतो याचा आलेख) चांगला बसतो. आपल्या आकाशगंगेच्या वक्रात सर्वत्र आढळणारा २१७५ अँगस्ट्रॉमचा उंचवटा, म्हणजे त्या तरंगलांबीला होणारे जादा शोषण, थोड्याच स्फोटांत दिसतो. जीआरबी ०८०६०७ हा त्या थोड्यांपैकी एक. ३.०३६ रेडशिफ्टच्या या स्फोटाच्या दृष्टिरेषेवर दृश्य पट्ट्यात तीन प्रतींहून अधिक घट होती, आणि तरीही तो इतका तेजस्वी होता की वर्णपटात हायड्रोजन रेणू आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या शोषणरेषा मिळाल्या. २१७५ अँगस्ट्रॉमचा उंचवटा या रेडशिफ्टला ८७८० अँगस्ट्रॉमजवळ सरकतो. तुमच्या स्फोटाचा उंचवटा कोणत्या फिल्टरमध्ये पडेल हे आधी काढून ठेवा, नाहीतर तो फिल्टर सदोष ठरवून टाकून देण्याचा मोह होतो.

तिसरी धूळ संपूर्ण दीर्घिकेत पसरलेली. तिचा परिणाम तारे आणि धूळ यांची एकमेकांत मिसळण कशी आहे, विखुरलेला प्रकाश किती परत येतो, यावर ठरतो. यासाठी कॅल्झेटी यांचा २००० सालचा वक्र सामान्यतः वापरतात. एच-आल्फा आणि एच-बीटा या रेषांचे गुणोत्तर धूळ नसताना २.८६ असते आणि त्याहून जितके वाढलेले दिसेल तितकी धूळ अधिक, हा दुसरा मार्ग.

आता सापळा. दुसरी आणि तिसरी धूळ एकच समजून आफ्टरग्लोवरून काढलेली घट संपूर्ण दीर्घिकेच्या अतिनील प्रकाशाला लावली जाते. हे म्हणजे पावसाळ्यात खंडाळ्याच्या एका खिडकीतून दिसणाऱ्या धुक्यावरून सबंध घाटाचे धुके मोजण्यासारखे आहे. स्फोट एखाद्या दाट मेघाच्या मागे झाला असेल आणि बाकी दीर्घिका निरभ्र असेल; किंवा दीर्घिका धुळीने भरलेली असूनही स्फोट तिच्या मोकळ्या कडेला झाला असेल. सरासरीने पाहता धूसर, म्हणजे धुळीने मंदावलेला, आफ्टरग्लो असलेल्या स्फोटांचे यजमान अधिक जड आणि अधिक लाल निघतात, हे ग्रॉन्ड या सात पट्ट्यांच्या कॅमेऱ्याच्या निरीक्षणांतून आणि २०१३ मधील तेवीस धूसर स्फोटांच्या अभ्यासातून दिसले आहे. पण सरासरीवरून एका दीर्घिकेचा आकडा ठरवता येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. स्फोटाचे स्वतःचे तीव्र प्रारण जवळच्या परिसरातील धूलिकण वाफ करून उडवून देऊ शकते, त्यामुळे आफ्टरग्लो जी धूळ दाखवतो ती ताऱ्याच्या अगदी निकटची नसून काहीशी दूरची असण्याची शक्यता अधिक.

४. नमुना कसा निवडला गेला ते तपासा

१९९७ साली बेप्पोसॅक्स उपग्रहामुळे पहिले आफ्टरग्लो सापडले आणि पुढची सात-आठ वर्षे यजमान दीर्घिका बहुतांशी दृश्य आफ्टरग्लोवरूनच शोधल्या गेल्या. ज्यांचा दृश्य आफ्टरग्लो मिळाला नाही ते स्फोट यादीतून आपोआप गळले. लहान आणि निळ्या यजमानांचे चित्र तयार झाले त्यात या गळतीचा वाटा मोठा होता.

एक्स-रेच्या मानाने दृश्य प्रकाश फारच कमी असलेल्या स्फोटांना डार्क म्हणतात. दृश्य ते एक्स-रे उताराचा घातांक ०.५ हून कमी असणे, ही २००४ मध्ये सुचवलेली कसोटी; २००९ मध्ये तिच्यात सुधारणा होऊन हा उतार एक्स-रेच्या स्वतःच्या उताराशी ताडून पाहिला जाऊ लागला. डार्क असण्याचे कारण धूळ हेच असते असे नाही. रेडशिफ्ट सहाच्या पुढे गेला की दृश्य प्रकाश वाटेतील हायड्रोजन गिळून टाकतो, म्हणून ८.२ रेडशिफ्टचा जीआरबी ०९०४२३ दृश्य पट्ट्यात दिसला नाही, केवळ अवरक्तात दिसला. तरीही बहुसंख्य डार्क स्फोटांमागे धूळच असते, हे आता पुरेसे स्पष्ट आहे.

यावर उपाय म्हणून असे नमुने तयार झाले, ज्यांत स्फोटाची निवड आफ्टरग्लोच्या दृश्य तेजावर अवलंबून नसते : ६९ यजमानांचा टफ, ११९ स्फोटांचा शोल्स आणि तेजस्वी स्फोटांचा, ५८ जणांचा बॅट६. नवीन कामाची सुरुवात यांपैकी एखाद्या नमुन्यापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. स्वतःची यादी बनवायचीच असेल तर निवडीच्या अटी स्फोटाच्या गॅमा-प्रवाहावर, आपल्या आकाशगंगेतील धुळीवर आणि निरीक्षणाच्या सोयीवर ठेवा. ‘रेडशिफ्ट माहीत असणे’ ही अट वरवर निरुपद्रवी दिसते, पण तीच धूळभरल्या दीर्घिका मागच्या दाराने बाहेर काढते.

या नमुन्यांतून उभे राहिलेले चित्र मधल्या वाटेचे आहे. जवळच्या विश्वात दीर्घ स्फोट जड आणि धातुसमृद्ध (खगोलशास्त्रात हेलियमहून जड प्रत्येक मूलद्रव्याला धातू म्हणतात) दीर्घिका टाळतात. साधारण दीडच्या पुढच्या रेडशिफ्टला, जिथे मोठ्या दीर्घिकांतही धातूंचे प्रमाण कमी होते, तिथे ही टाळाटाळ ओसरते आणि धूळभरले यजमान अधिक दिसू लागतात. जीआरबी ०८०२०७ चा २.०८६ रेडशिफ्टचा अतिशय लाल यजमान या दुसऱ्या गटातला; त्यात रेणुवायूही मोजला गेला आहे.

५. प्रत्येक पट्ट्यातील प्रकाश गोळा करा

आफ्टरग्लो आणि मागोमाग येणारा सुपरनोव्हा दोन्ही ओसरल्यावरच्या प्रतिमा घ्या. दृश्य पट्ट्यात वर्षभराचे अंतर सुरक्षित. अतिनील आणि दृश्य पट्टे कोवळे तारे दाखवतात, जवळचा अवरक्त आणि स्पिट्झरचे ३.६ मायक्रॉन ताऱ्यांचे एकूण वस्तुमान ठरवतात, आणि धुळीने गिळलेला प्रकाश दूरच्या अवरक्तात, म्हणजे ८ ते १००० मायक्रॉनच्या टापूत, परत बाहेर पडतो.

या टापूत हर्शेलचे संग्रह अजून अतिशय उपयोगी आहेत, मात्र त्याच्या स्पायर कॅमेऱ्याचा ठसा, म्हणजे एका बिंदूचा प्रकाश प्रतिमेत जेवढा पसरतो तेवढी रुंदी, २५० मायक्रॉनला १८ आणि ५०० मायक्रॉनला ३६ आर्कसेकंदांच्या आसपास आहे. तेवढ्या जागेत अनेक दीर्घिका मावतात. २००० च्या सुमारास मौना केआवरील जेसीएमटीच्या स्कूबा कॅमेऱ्याने काही यजमानांत प्रचंड धुळीची तारानिर्मिती असल्याचे सुचवले होते. व्हीएलएच्या नंतरच्या खोल निरीक्षणांनी त्यांपैकी बहुतेकांबाबतचा तो निष्कर्ष टिकू दिला नाही. मोठ्या ठशातील तीन सिग्माचा (गोंगाटाच्या तिप्पट) संकेत म्हणजे शोध नव्हे. आल्माचे एखादे निरीक्षण संग्रहात असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी ते काढावे.

धुळीच्या तापमानाविषयी सावध राहा. ८५० मायक्रॉनजवळचा एकच बिंदू असेल आणि तापमान गृहीत धरायचे असेल, तर लांब तरंगांच्या भागात ३० ऐवजी ४० केल्विन धरल्याने एकूण अवरक्त दीप्ती जवळपास चौपट होते. एका बिंदूवरून काढलेला दर दोन-तीन तापमानांसाठी द्या.

६. एसईडी बसवताना

सिगेल आणि मॅगफिस यांचे मूळ तत्त्व ऊर्जेचा ताळेबंद हे आहे : धुळीने जेवढा अतिनील व दृश्य प्रकाश शोषला तेवढाच अवरक्तात दिसला पाहिजे. बिंदू थोडे असले तरी यामुळे उत्तर मिळते, आणि नवख्याचा विश्वास नेमका तिथेच वाजवीपेक्षा वाढतो. अतिनील प्रकाश दीर्घिकेच्या एका बाजूने आणि अवरक्त दुसऱ्या बाजूने येत असेल तर ताळेबंद कागदावर जुळतो, पण त्याला भौतिक अर्थ राहत नाही. आल्मा आणि हबल यांच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवून हे तपासता येते. रेडशिफ्ट दोनजवळ एक आर्कसेकंद म्हणजे साधारण २७ हजार प्रकाशवर्षे, हे प्रमाण मनाशी असू द्या.

या लहान यजमानांत ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या उत्सर्जनरेषा इतक्या तीव्र असतात की रुंद फिल्टरमधील प्रकाश त्यांनीच फुगतो. प्रारूपात रेषांचा भाग चालू ठेवला नाही तर वस्तुमान उगाच जास्त येते. जिथे दीर्घिका दिसली नाही तिथला आकडा गाळू नका. वरची मर्यादा म्हणून तो प्रणालीला द्या.

७. रेडिओ पडताळणी, आणि जीएमआरटीचा उपयोग

रेडिओ तरंगांना धूळ अडवत नाही, म्हणून अवरक्तावरून काढलेला दर ताडून पाहायला हा मार्ग उत्तम आहे. मात्र प्रकाश फार क्षीण असतो. वर्षाला १०० सौर वस्तुमाने तारे घडवणारी दीर्घिका रेडशिफ्ट १ वर असेल तर १.४ गिगाहर्ट्झला ती सुमारे ४० मायक्रोजान्स्की (रेडिओ तेजाचे एकक) दिसेल, रेडशिफ्ट २ वर फक्त ८. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीचा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचा पट्टा इथे कामी येतो, कारण कमी वारंवारितेला सिंक्रोट्रॉन प्रारण (चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे) अधिक प्रखर असते आणि तीच रेडशिफ्ट १ ची दीर्घिका तिथे ७० मायक्रोजान्स्कीच्या आसपास जाते. आधी संग्रहात शोधा, मगच वेळेसाठी प्रस्ताव लिहा.

धोका रेडिओ आफ्टरग्लोचा. जीआरबी ०३०३२९ चा रेडिओ आफ्टरग्लो जीएमआरटीसह अनेक दुर्बिणींनी वर्षानुवर्षे पाहिला. म्हणून दोन वेगवेगळ्या काळांतील निरीक्षणे घ्या. उजेड कमी होत असेल तर तो यजमानाचा नव्हे. दीर्घिकेच्या गाभ्यात सक्रिय कृष्णविवर नसल्याचीही खात्री करावी लागते.

जीएमआरटीने या विषयाला दुसऱ्या बाजूनेही हातभार लावला आहे. जीआरबी ९८०४२५ चा यजमान, ईसो १८४-जी८२, केवळ ०.००८५ रेडशिफ्टवर, म्हणजे सुमारे बारा कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्यातील अणुरूप हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा जीएमआरटीने मोजली. गॅमा-किरण स्फोटाच्या यजमानात ही रेषा उत्सर्जनात मोजल्याचा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या निरीक्षणांत हा वायू कड्याच्या आकारात पसरलेला दिसला. शेजारच्या लहान दीर्घिकेशी झालेल्या टकरीचा तो माग मानला जातो. याच दीर्घिकेत स्फोटाच्या जागेपासून सुमारे २६०० प्रकाशवर्षांवर वुल्फ-राये ताऱ्यांचा (अतिशय जड, अल्पायुषी आणि बाहेरचे थर फेकून देणाऱ्या ताऱ्यांचा) एक प्रखर प्रदेश आहे, आणि दीर्घिकेचा २४ मायक्रॉनचा बहुतांश प्रकाश त्या एकाच प्रदेशातून येतो. हीच दीर्घिका रेडशिफ्ट दोनवर नेऊन ठेवली तर स्फोटाची जागा आणि हा प्रदेश एकाच ठिपक्यात विरघळतील, आणि धुळीची सारी दीप्ती आपण बिनदिक्कत स्फोटाच्या परिसराच्या नावे लिहू.

८. दर काढणे आणि तक्ता भरणे

समजा, दुरुस्ती न केलेल्या अतिनील प्रकाशावरून एका यजमानाचा दर वर्षाला ३ सौर वस्तुमाने आला आणि अवरक्त दीप्ती पन्नास हजार कोटी सूर्यांइतकी निघाली. केनिकट यांच्या १९९८ च्या सूत्राने या दीप्तीचा दर सुमारे ८५ येतो. पण ते सूत्र साल्पीटर वस्तुमान-वितरणासाठी, म्हणजे नव्या ताऱ्यांत हलके किती आणि जड किती याच्या एका विशिष्ट गृहीतकासाठी, आहे. शाब्रिए वितरण वापरायचे तर दर साधारण १.७ ने भागावा लागतो आणि ५० उरतो. अतिनील आणि अवरक्त दर एकाच वितरणात आणून मगच त्यांची बेरीज करा. एका निबंधातला साल्पीटर आणि दुसऱ्यातला शाब्रिए एकाच आलेखावर काढल्याने उगवलेले ‘कल’ मी प्रकाशित आलेखांतही पाहिले आहेत.

कालमर्यादाही भिन्न आहेत. एच-आल्फा गेल्या कोटभर वर्षांतली तारानिर्मिती सांगते. अतिनील आणि रेडिओ सुमारे दहा कोटी वर्षांची सरासरी देतात. तारानिर्मिती नुकतीच पेटलेली असेल तर रेडिओ दर कमी येणे स्वाभाविक आहे, त्यावरून मापन चुकले असे लगेच ठरवू नये. एक लाख कोटी सूर्यांहून अधिक अवरक्त दीप्ती असेल तरच अतितेजस्वी अवरक्त दीर्घिका हे बिरुद वापरा. सारांशात ते वापरण्याची घाई अनेकांना होते.

तक्त्यात प्रत्येक यजमानापुढे स्थानाची त्रुटी, योगायोगाची संभाव्यता, रेडशिफ्ट शोषणरेषांवरून की उत्सर्जनरेषांवरून, आकाशगंगेची, दृष्टिरेषेची आणि दीर्घिकेची धूळ तीन स्वतंत्र रकान्यांत, धुळीचे तापमान मोजलेले की गृहीत, आणि वस्तुमान-वितरण कोणते, एवढे तरी असावे. न दिसलेल्या दीर्घिकांच्या वरच्या मर्यादा त्याच तक्त्यात, त्याच ओळींच्या क्रमाने द्या. त्या परिशिष्टात ढकलल्या की सरासरी काढणारा पुढचा अभ्यासक त्या सोडून देतो आणि धूळभरल्या यजमानांचे प्रमाण पुन्हा फुगते.